खान्देशच्या पाण्यात आणि उन्हात चेरी श्रिंप: टाकी लावण्यापासून पिल्लांपर्यंत

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, अनेक ठिकाणी ७००-८०० च्या घरात असतो. चेरी श्रिंपला, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या शोभेच्या झिंग्याला, हवं असतं २० ते २६ अंशांचं पाणी आणि २००-२५० टीडीएस. हे अंतर भरून काढता येतं, पण त्यासाठी वर्षाची आखणी हवामान बघून करावी लागते. दिवाळीनंतर श्रिंप आणायचे, होळीपर्यंत त्यांची वीण वाढवायची आणि उन्हाळ्यात आहेत तेवढे जगवायचे. एप्रिलमध्ये हौसेने टाकी लावून मेमध्ये श्रिंप आणले, तर उत्तम दर्जाचे श्रिंपही जगत नाहीत.

कोणते घ्यावेत? सुरुवातीला चेरीच, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ तैवान-चीनकडचा हा तपकिरी जीव. निवड करत करत त्याचे लाल, पिवळे, निळे, केशरी वाण तयार झाले. जड पाणी आणि ८ पर्यंतचा पीएच तो सोसतो. क्रिस्टल रेड आणि बी जातीच्या श्रिंपना मऊ, आम्लधर्मी आणि २१ ते २४ अंशांचं पाणी लागतं. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसेल तर खान्देशात त्यांच्या वाटेला जाऊ नका. अमानो श्रिंप शेवाळ छान खातो, पण त्याच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, त्यामुळे घरच्या गोड्या पाण्यात त्याची पिल्लं होत नाहीत. तापी-गिरणेचे झिंगे आणून टाकीत सोडण्याचा मोहही टाळा. नांगीवाले मोठे झिंगे चेरीला धरून खातात, शिवाय सोबत रोग आणि परजीवी येतात.

एका टाकीत एकच रंग ठेवा. लाल, निळे, पिवळे एकत्र ठेवले तर ते आपसांत जुळतात आणि दोन-तीन पिढ्यांत बहुतेक पिल्लं मूळच्या तपकिरी-पारदर्शक रंगावर जातात.

पाणी जुळवणे

टीडीएस मीटर आणि जीएच-केएच मोजायचे थेंबांचे किट, या दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे जीएच सांगतो आणि श्रिंपचं कवच त्यावरच बनतं. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण. काही बोअरचं पाणी खारं असतं. त्यात टीडीएस भरपूर पण सोडियमच जास्त. असं पाणी पातळ करून २२० वर आणलं तर जीएच जेमतेम ३-४ निघतो आणि श्रिंप कात टाकताना मरतात. म्हणून दोन्ही मोजा. लक्ष्य असं ठेवा: जीएच ७ ते १०, केएच ३ ते ५, पीएच ७ ते ७.८, टीडीएस २०० ते २५०.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बोअरचं पाणी आरओच्या पाण्यात मिसळणं. प्रमाण असं काढा. समजा बोअरचा टीडीएस ८००, आरओचा ४० आणि तुम्हाला हवा २२०. हव्या आकड्यातून आरओचा आकडा वजा करा: १८०. बोअरमधून आरओ वजा करा: ७६०. १८० भागिले ७६० म्हणजे ०.२४, म्हणजेच सुमारे चोवीस टक्के बोअर, बाकी आरओ. ४५ लिटरसाठी साधारण ११ लिटर बोअर आणि ३४ लिटर आरओ. मिसळून झाल्यावर मीटर आणि किट दोन्ही लावून बघा. जीएच कमी आला तर श्रिंपसाठी मिळणारं जीएच वाढवायचं मीठ थोडं थोडं घाला.

घरी आरओ नसेल तर २० लिटरच्या जारचं पाणी चालतं, पण प्रत्येक जार मोजून घ्या, कारण प्लांटनुसार आकडा बदलतो. पावसाचं पाणी तर उत्तमच. पहिले दोन-तीन चांगले पाऊस छत धुऊन जाऊ द्या, मग झाकणाच्या प्लास्टिक पिंपात साठवा. आजूबाजूला कपाशी किंवा केळीवर फवारणी चालू असेल तेव्हाचं पाणी मात्र घेऊ नका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावंच लागतं. उघड्या बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ते २४ ते ४८ तास ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाले वापरायचे तो हायपो, १० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा एक मिली एक लिटर पाण्याला पुरतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा पाणीपुरवठ्यात क्लोरीन आणि तुरटी दोन्ही वाढवतात. त्या दिवसांत नळाचं पाणी टाकीत न घातलेलंच बरं. पाणी तांब्या-पितळेच्या कळशीत किंवा हंड्यात कधीही साठवू नका आणि गीझरचं गरम पाणी मिसळू नका. तांबं अगदी अल्प प्रमाणातही श्रिंपला घातक ठरतं.

टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, ५ मिमी काच. रेती घातल्यावर साधारण ४५ लिटर पाणी मावतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण तिचं पाणी दुपारी झपाट्याने तापतं आणि रात्री झपाट्याने निवतं. पहिल्याच टाकीला दहा लिटरचा बाउल घेणं ही खान्देशातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

जागा तळमजल्यावरची, आतल्या खोलीतली, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. धाब्याचं घर असेल तर दुसरीकडे शोधूच नका. जाड मातीच्या भिंतींमुळे तिथे सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीपेक्षा पाणी दुपारी थंड राहतं. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली टाकी ठेवली तर रात्री बारापर्यंत पाणी उतरत नाही.

तळाला इंचभर रेती. नदीची रेती चालते, पण आधी मूठभर रेतीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा जीएच-केएच सतत वाढवत राहील, तेव्हा वापरू नका. चांगली रेती पाणी नितळ येईपर्यंत धुवा. काळ्या रेतीवर लाल रंग गडद दिसतो, फिकट रेतीवर श्रिंपही फिकट पडतात.

फिल्टर स्पंजचाच घ्या. साध्या फिल्टरच्या तोंडातून पिल्लं आत ओढली जातात, स्पंजवर उलट त्यांना चरायला जागा मिळते. एअर पंपाच्या नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरणार नाही. वनस्पतींमध्ये जावा मॉस हवाच, सोबत गप्पी ग्रास. दोन्ही उन्हाळ्यात टिकतात. तळ्यातलं हायड्रिला आणू नका. त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि एकेक अळी रोज श्रिंप फस्त करते. वरून बारीक जाळी लावा. श्रिंप बाहेर पडतात म्हणून नव्हे, पाल आत पडते म्हणून.

आता वाट पाहायची. चिमूटभर माशांचं खाद्य दोन दिवसांआड टाका. ते कुजून अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. या साखळीला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. इथे घाई खास महागात पडते, कारण पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया अधिक विषारी होतो आणि आपल्याकडे दोन्ही जास्तच. घटस्थापनेच्या सुमारास टाकी लावली तर दिवाळी उलटून आठवडाभरात ती श्रिंप घेण्याजोगी होते. तोवर काचेवर हलकं हिरवं-तपकिरी शेवाळ धरतं. ते पुसू नका, पिल्लांचं पहिलं अन्न तेच.

आणणे आणि सोडणे

सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे १५ ते २० श्रिंप घ्या. पूर्ण वाढलेली मोठी मादी दुकानात आकर्षक दिसते, पण या जिवाचं आयुष्यच दीड-दोन वर्षांचं असतं आणि मोठे श्रिंप प्रवास व नवं पाणी कमी सोसतात. कुर्ल्याहून किंवा पुण्याहून पार्सल मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही रात्रीच्या गाडीने आणि थर्माकोलच्या खोक्यात.

सोडताना मेडिकलच्या दुकानातला सलाईनचा सेट वापरा, तीस-चाळीस रुपयांत काम होतं. पिशवीतले श्रिंप पाण्यासकट छोट्या बादलीत ओता. टाकीतून नळी लावा आणि चाक फिरवून सेकंदाला एक-दोन थेंब असा वेग ठेवा. पाणी तिप्पट व्हायला दोन-तीन तास लागतात. तेव्हा बादलीचा आणि टाकीचा टीडीएस जवळपास सारखा आला की जाळीने श्रिंप उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत घालू नका. पहिल्या दिवशी खायला देऊ नका. पहिल्या आठवड्यात एक-दोन मेले तर ते बहुधा प्रवासाचे बळी. रोज एकेक मरत राहिला तर मात्र पाणी तपासा.

खाणे

श्रिंप दिवसभर काचेवर, पानांवर, स्पंजवर चरतात. आपण देतो ते जोडीला. १५-२० श्रिंपना आठवड्यात दोन-तीनदा, दोन तासांत संपेल एवढंच द्या. उरलेलं काढून टाका. गिलक्याची अर्ध्या सेंटीमीटरची चकती दोन मिनिटं उकळून द्या, त्यावर ते तुटून पडतात. पालक, दुधी, शेवग्याचा पालाही चालतो, पण परसातला. बाजारच्या पालेभाजीवर कोणती फवारणी झाली ते कळत नाही आणि कीटकनाशक किड्याला मारतं तसंच श्रिंपलाही मारतं.

देशी बदामाचं झाडावरून आपोआप पडलेलं, पूर्ण सुकलेलं पान धुऊन, उकळून ४५ लिटरला एक टाका. दोन-तीन आठवड्यांत त्याची फक्त जाळी उरते. सुकलेलं केळीचं पानही श्रिंप आवडीने खातात आणि रावेर-यावलकडे त्याची वानवा नाही, पण बागेतलं पान घेऊ नका. करप्यासाठी बागांवर वरचेवर फवारण्या होतात. अंगणातल्या, कधीच न फवारलेल्या केळीचंच पान घ्या.

पिल्लं दिसायला लागली की स्पायरुलिनाची (सुकवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची) भुकटी काडीच्या टोकावर मावेल इतकी, दिवसाआड, पाण्यात कालवून टाका. कवचासाठी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा नखाएवढा तुकडा टाकीत ठेवता येतो. तो हळूहळू विरघळतो.

वीण

मादी मोठी, गडद आणि पोटाकडे गोलाई असलेली. नर बारीक, फिकट, सरळ पोटाचा. तीनेक महिन्यांत माद्या वयात येतात. तेव्हा मादीच्या डोक्यामागे, पाठीवर, पिवळसर किंवा हिरवट ठिपका दिसतो. तो बीजकोश, हौशी मंडळी त्याला सॅडल म्हणतात. मादीने कात टाकली की ती पाण्यात गंध सोडते आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे गोल गोल पोहायला लागतात. पाणी बदलल्यावर हे हमखास होतं. घाबरू नका. विषबाधेत श्रिंप असे पोहत नाहीत, ते झटके देतात, आडवे पडतात, उलटे होतात, काचेवरून वर चढायचा प्रयत्न करतात.

एक-दोन दिवसांत अंडी पोटाखाली येतात, २० ते ३०, मोठ्या मादीला त्याहून जास्त. भिंग घेऊन बघा. पोटाखालचे पाय वल्ह्यांसारखे सतत हलत असतात, मधूनच मादी एखादं अंडं पायांनी फिरवून पुन्हा जागेवर ठेवते. पाणी खेळतं राहिलं नाही तर अंड्यांना बुरशी धरते. सुरुवातीला अंडी एकरंगी असतात, शेवटच्या आठवड्यात प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. २४-२६ अंशांना २५ ते ३० दिवस लागतात. पिल्लं जन्मतःच मोठ्यांची हुबेहूब लहान प्रत असतात, दोन मिलिमीटरहून कमी. वेगळी अळीची अवस्था नसते, म्हणून वेगळी टाकी लागत नाही. मादीला जाळीत वेगळं ठेवू नका. हलवाहलवीच्या ताणाने ती अंडी टाकून देते.

टाकीत मासे असतील तर मोठे श्रिंप वाचतील, पिल्लं वाचणार नाहीत. गप्पीसुद्धा पिल्लं टिपतो. गोगलगायी राहू द्या.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो. चेरी त्यानेही मरत नाही, पण वीण थांबते आणि वर्षातले सर्वांत चांगले दोन महिने वाया जातात. ५० वॅटचा हीटर २३ अंशांवर लावा. नोव्हेंबरात आणलेल्या कळपाची पहिली पिल्लं जानेवारीच्या आसपास येतात आणि पाडव्यानंतर तीही विणीला येतात.

पाणी आठवड्याला दहा टक्के बदला, त्याच टीडीएसचं आणि त्याच तापमानाचं. एकदम अर्धी टाकी बदलली तर अवेळी कात पडते. डोकं आणि पोट यांच्यामध्ये सबंध अंगाभोवती पांढरा पट्टा दिसला की तो श्रिंप कातीत अडकला, बहुतेक वाचत नाही. त्यामागे कारण एकतर कमी जीएच किंवा एकदम बदललेलं पाणी. टाकीत पारदर्शक, पोकळ दिसते ती नुसती कात. ती राहू द्या, श्रिंप ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. गुलाबी-पांढरट, अपारदर्शक दिसतो तो मेलेला, तो लगेच काढा. स्पंज महिन्यातून एकदा टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाखाली नाही.

उन्हाळा

मार्चअखेर कळप कमी करा. ४५ लिटरमध्ये हिवाळ्यात दीडशे श्रिंप सुखाने राहतात, उन्हाळ्यात साठ-सत्तरच ठेवा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. त्याच वेळी श्रिंपची आणि जिवाणूंची गरज मात्र वाढलेली असते. २९ च्या वर अंडी गळतात, ३२ च्या वर मोठे श्रिंप मरू लागतात.

आपल्या उन्हाळ्यात एक गोष्ट मदतीला येते: हवा कोरडी असते. म्हणून बाष्पीभवनाने पाणी चांगलं थंड होतं, मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. झाकण काढा, जाळी राहू द्या आणि १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटर फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असे बसवा. पाणी ३-४ अंशांनी उतरतं. खोलीत कूलर असेल तर आणखी, फक्त कूलरच्या पाण्यात डासांचं औषध टाकू नका.

फॅन लावला की दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. ही भर नेहमी आरओच्या पाण्याची घाला. ८०० टीडीएसच्या बोअरचं दीड लिटर रोज घातलं तर ४५ लिटरच्या टाकीचा टीडीएस दिवसाला २७ ने वाढतो, पंधरा दिवसांत २२० चा सहाशेपार जातो. उन्हाळ्यात गेलेल्या पुष्कळ टाक्या उष्णतेने नाही, या भरीने गेलेल्या असतात.

बर्फाची अर्धा लिटरची बंद बाटली ४५ लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवते. पारा चढायला लागल्यावर, दुपारी बारा-एकलाच एक टाका. चार वाजता ३३ झाल्यावर एकदम तीन टाकण्यात धोका आहे. भारनियमनासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हवा. पहाटे पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, वीज रात्री गेली तर तो जास्त गरजेचा. जूनमध्ये हवा दमट झाली की फॅनचा परिणाम घटतो, तेव्हा पाऊस स्थिरावेपर्यंत बाटल्या चालू ठेवा.

उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणा. अंडी दिसत नाहीत म्हणून उपाय करत बसू नका.

विष आणि रोग

सकाळी टाकी ठणठणीत आणि संध्याकाळी सगळे आडवे, असं झालं तर आधी घरात काय फवारलं ते आठवा. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे आणि पालिकेची धूरफवारणी यांत बहुधा पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, पंप तासभर बंद ठेवा, टाकीवर ओलं कापड टाका. शेतातून फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. फवारणीच्या पंपाची किंवा मोरचुदाची बादली टाकीसाठी वापरू नये. विषबाधेची शंका आली तर तयार ठेवलेल्या पाण्याने तीस टक्के बदल करा, ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि तासाभराने पुन्हा थोडं पाणी बदला.

नाकाच्या टोकाशी पांढरे हलणारे धागे किंवा अंगावर कापसासारखी लव दिसली तर पेलाभर टाकीच्या पाण्यात सपाट चमचाभर बिनआयोडीनचं मीठ विरघळवून त्यात श्रिंप अर्धा ते एक मिनिट बुडवा आणि परत सोडा. पोटाखाली अंड्यांच्या जागी हिरवट लोकरीसारखं काही दिसलं तर ते अंडी नव्हेत, परजीवी आहे. तो श्रिंप वेगळा काढा. काचेवर त्रिकोणी डोक्याचे चपटे पांढरे किडे दिसले तर तुम्ही खायला जास्त देताय. आधी आठवडाभर खाणं बंद करा. माशांची औषधं घेताना लेबलवर कॉपर लिहिलंय का ते वाचा.

फिकट आणि डागाळलेले श्रिंप महिन्या-दोन महिन्यांनी वेगळ्या टाकीत काढत राहा, तरच लाल रंग टिकतो. वर्षातून एकदा दुसऱ्या कळपातले चार-पाच आणून मिसळा. जास्तीचे श्रिंप गिरणेत, तापीत, हतनूरच्या पाण्यात किंवा शेततळ्यात सोडू नका. जर्मनी आणि पोलंडमध्ये असेच सुटलेले चेरी श्रिंप वीजकेंद्रांच्या कोमट पाण्याने उबदार राहणाऱ्या ओढ्या-कालव्यांत रुजले आहेत. टाकीचं काढलेलं पाणीही नाल्यात न ओतता कुंड्यांना घाला, पिल्लं त्यातून जाऊ शकतात. कोणाला द्यायचे असतील तर आदल्या दिवशी खायला देऊ नका. एका पिशवीत दहा श्रिंप, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा आणि धरून बसायला मॉसचा एक झुबका, एवढं पुरतं. पिशवी दुहेरी घ्या, कोपरे रबराने बांधा, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात अडकून चिरडतात.